विद्यापीठ चौकातला पूल: पाडला म्हणजे काय केलं?

मंडळी, वाडीत बसून पुण्याच्या पुलाची उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपली पोरं नोकरीला तिथेच असतात ना!

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, टाळेबंदीच्या काळात पाडला. वय जेमतेम पंधरा वर्षं. कारण, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो. म्हणजे मोटारींची जागा काढून सार्वजनिक वाहतुकीला दिली, असं वरकरणी दिसतं. हे आम्हांला मान्य नाही.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही सांगत असू, की वस्तू गेली म्हणून तिच्यामागचं गृहीतक जात नाही. जुन्या पुलाचं गृहीतक काय होतं? गाड्या वाढल्या, तर रस्ता वाढवा. आता तिथे दुमजली पूल आहे. वरून मेट्रो, मधून गाड्या, खाली पुन्हा चौक आहेच. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याची एक बाजू खुली झाली, ती गाड्यांसाठी. मेट्रो तेव्हा धावत नव्हती. हा क्रम नीट बघा.

सोलमध्ये 2003 साली चंग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला, आणि त्याच्या जागी दुसरा बांधला नाही. 2004 मध्ये शहराचे बसमार्ग नव्याने आखले, मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बसला राखीव पट्टे दिले. 2005 मध्ये ओढा लोकांसाठी खुला झाला. (त्यात पाणी पंपाने सोडतात आणि तिथल्या फेरीवाल्यांना उठावं लागलं, हेही सांगायला हवं. उगाच आरती नको.) मुद्दा एवढाच, की तिथे मोटारवाल्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं.

पुण्यात उलटं. नगर रस्त्यावरची बीआरटी 2016 मध्ये सुरू झाली, आणि काही वर्षांतच तिचे पट्टे उखडायला घेतले. जागा परत गाड्यांना. ‘मेट्रो येतेय की!’ असं म्हणाल. येऊ दे, हवीच आहे. पण तिच्याच खांबांवर गाडीवाल्यालाही सरळ वाट करून दिल्यावर तो स्टेशनचा जिना का चढेल?

तेच गृहीतक आता आपल्या दारात आलंय. शक्तिपीठ महामार्गाचं समर्थन करताना वाडीचंही नाव घेतात, भाविकांची सोय म्हणून. पौर्णिमेला कोल्हापूरहून, जयसिंगपूरहून एसटीच्या किती गाड्या वाडीला येतात आणि किती माणसं उभ्याने येतात, हे त्या चर्चेत कुणी विचारल्याचं आमच्या तरी कानावर आलेलं नाही.