विज्ञानकथा : सांगायची किती, समजावायची किती?

विज्ञानकथेला एकाच वेळी दोन परीक्षा द्याव्या लागतात. वैज्ञानिक तिच्यात चूक शोधतो, रसिक तिच्यात कथा शोधतो. अद्भुतकथेतला राक्षस आकाशातून उडाला, तर तो कसा उडाला हे कोणी विचारीत नाही. विज्ञानकथेत मात्र 'कसा?' हा प्रश्न येणारच, आणि उत्तर द्यायला जावे तर कथा थांबते. त्यातून पार पडलेले पुस्तक दुकानात गेले, की ते कादंबऱ्यांच्या फळीवर ठेवायचे, बालवाङ्मयाच्या की विज्ञानाच्या, हे विक्रेत्यालाही ठरवता येत नाही.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, ते आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून. पुढे त्याच नारळीकर नावाने मराठी वाचकाला विज्ञानकथेकडे ओढून आणले. पण असे नाव नवोदित लेखकापाशी नसते. त्याला केवळ कथेच्या बळावर वाचक मिळवावा लागतो. म्हणून कथेचे बळ कशात असते, हे पाहायला हवे.

नारळीकरांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घेऊ. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतले गेले, त्यामुळे अनेक शिक्षकांना ती परिचित असेल. १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती चाटून गेली, आणि मराठे जिंकले, अशा एका वेगळ्या जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पोहोचतात. येथे लेखकाला प्रस्तावना करावी लागत नाही. पानिपताची जखम प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात आधीपासूनच आहे. परत आलेल्या पंतांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे फाटके पान निघते, तेव्हा कथा कळसाला पोहोचते.

पण त्यानंतर पंतांचे वैज्ञानिक मित्र पुंजसिद्धान्ताच्या आधारे हे सारे समजावू लागतात, आणि कथेचे व्याख्यान होते. गंमत अशी की विज्ञान म्हणूनही कथेतील सर्वांत कच्चा भाग हाच आहे. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अनिश्चितता मोठी असते. बंदुकीच्या गोळीच्या बाबतीत ती नगण्य ठरते. १० ग्रॅमच्या गोळीचे स्थान एका मायक्रॉनपर्यंत निश्चित केले, तरी तिच्या वेगातील किमान अनिश्चितता किती? मीटरच्या अब्जांशाचा अब्जांश घ्यावा, त्याचा पुन्हा अब्जांश घ्यावा; असे साधारण पाच भाग दर सेकंदाला. एवढ्याने विश्वासराव वाचत नाहीत! तरीही कथा कोसळत नाही, कारण ती त्या स्पष्टीकरणावर उभीच नाही. ती उभी आहे बखरीच्या पानावर.

आम्हा संशोधकांची खोड येथे आड येते. विज्ञानकथा म्हणजे कडू औषधाची साखर लावलेली गोळी, असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. नवा लेखक ते खरे मानतो आणि निम्मी पाने शिकवण्यात घालवतो. दिवाळी अंकात आधीच पाने मोजकी. शिकवणे झाल्यावर माणसांसाठी जागा कोठून उरणार? मग संपादक म्हणतात, 'लेख चांगला आहे, कथा कुठे आहे?' त्यांचे चुकत नाही.

यावर एक उपाय शिक्षकांच्या हाती आहे. ही कथा वर्गात वाचताना बखरीच्या पानाशी थांबावे. हे कसे शक्य झाले असेल, ते विद्यार्थ्यांना आधी सांगू द्यावे. मग पुस्तकातील स्पष्टीकरण वाचून, वर दिलेले गणित फळ्यावर मांडून, ते तपासायला लावावे. लेखकाचेही चुकू शकते आणि तरी कथा आवडू शकते, हे ज्या मुलांना एकदा उमगले, त्यांच्यासाठी लिहिताना पुढच्या लेखकाला निम्मी पाने शिकवण्यात घालवावी लागणार नाहीत.