ब्रांकुशीचे लाकूड आणि इंदूरचे न झालेले मंदिर

इंदूर आणि ब्रांकुशी म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती पक्ष्यांची. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या : एक ब्राँझची, दोन संगमरवरी, काळी आणि पांढरी. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचे ठरले. १९३८च्या जानेवारीत ब्रांकुशी स्वतः तिथे होता. मंदिर मात्र झाले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज कॅनबेरात आहेत. त्याबद्दलची हळहळ मीही व्याख्यानांतून व्यक्त केली आहे. आता वाटते, ती अपुरी होती.

त्याच मंदिरासाठी योजलेले आणखी एक शिल्प होते आणि ते लाकडाचे : ‘राजांचा राजा’. ओक, उंची सुमारे तीन मीटर, साल साधारण १९३८. आधीचे नाव ‘बुद्धाचे चैतन्य’. १९५६पासून ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. माझी ओळख छायाचित्रांतलीच.

माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत सुतार होते. घरी जुन्या कांड्या पडलेल्या असत. कांडी हातात घेऊन कशीही फिरवा, सारखीच दिसते. कातलेल्या लाकडाला पुढचे-मागचे नसते, हे मी पुस्तकात वाचलेले नाही.

‘राजांचा राजा’ पहिल्या नजरेला लेथवरून उतरवल्यासारखा वाटतो. सगळे टप्पे एका उभ्या आसावर रचलेले. मधल्या भागाला आटे, द्राक्षे पिळण्याच्या घाण्याच्या मळसूत्रासारखे. पण वर डोळ्यांसारखी दोन भोके येतात आणि कळते, याला तोंड आहे. म्हणजे पाठही आहे. कातारी जी दिशा पुसतो, ती इथे राखली आहे. उलट पक्षी पाहा. तोच जवळजवळ कातलेला, घासून घासून हाताची खूण घालवलेला. त्या गुळगुळीत पक्ष्यांसमोर हे खडबडीत लाकूड उभे राहिले असते, तर दोघांचाही अर्थ बदलला असता. आपण पक्षी मोजत बसलो.

समीक्षक त्याच्या लाकडी कामाला आफ्रिकी शिल्पांशी, रोमेनियन लोककलेशी जोडतात. त्यात तथ्य आहे, पण ‘आदिम’ हा शब्द मला टोचतो. हा माणूस क्रायोवाच्या कलाकौशल्य शाळेत लाकूडकाम शिकून १८९८मध्ये बाहेर पडला होता. १९१८चा ओकचा ‘अनंत स्तंभ’ चौकोनी टप्प्यांचा आहे. तिथे खडबडीतपणा असला तरी मोजमाप पक्के आहे. शिल्पांखालच्या लाकडी बैठकाही तो स्वतः घडवी. पंढरपूरच्या होळकर वाड्यात लाकडाकडे बघताना हेच आठवते : भार पेलणारे लाकूड कोणी आदिम म्हणत नाही.

मुकुट तेवढा मला खटकतो. बुद्ध म्हणून पाहिले तर तो परका वाटतो, राजा म्हणून पाहिले तर फारच उघड. खालच्या आट्यांनी जे न बोलता साधले आहे, ते मुकुट मोठ्याने सांगतो.