निरोपाची संहिता आणि मृत्यूची अट

हुतात्मा सैनिकाचे अखेरचे पत्र वाचकाला हेलावून सोडते, हे उघडच आहे. परंतु हा परिणाम पत्राच्या भाषेचा असतो की वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या मृत्यूचा, हा प्रश्न समीक्षेने टाळता कामा नये.

कॅप्टन विजयंत थापर यांनी जून १९९९ मध्ये कारगिल युद्धातील नोलवरील चढाईपूर्वी कुटुंबीयांना लिहिलेले इंग्रजी पत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते. पत्र हाती पडेल तेव्हा आपण नसू, असे गृहीत धरून ते लिहिले आहे. त्यात दोन भाषास्तर आढळतात. स्वर्गातील अप्सरांचा उल्लेख हा परंपरेने दिलेला अलंकार होय. तो कोणत्याही वीराच्या तोंडी शोभेल. दुसरा स्तर व्यवहाराचा आहे: अवयवदान, अनाथाश्रमाला देणगी, काश्मीरमधील एका लहान मुलीला दरमहा ५० रुपये. हे ५० रुपये मात्र केवळ याच माणसाचे आहेत. पत्राचे सामर्थ्य अलंकारात नसून या हिशेबात आहे, कारण येथे भाषा केवळ भावना व्यक्त करीत नाही. ती मागे उरलेल्यांवर कर्तव्य सोपविते.

तथापि अशा संहितेला मृत्यूची अट असते. सावरकरांनी १९१० मध्ये लंडनच्या तुरुंगातून वहिनींना उद्देशून ‘माझे मृत्युपत्र’ रचले. त्यांचा मृत्यू १९६६ मध्ये झाला. त्यामुळे ती रचना खोटी ठरत नाही. मात्र तिचा वाचक तिच्याकडे शेवट म्हणून न पाहता एका दीर्घ आयुष्यातील टप्पा म्हणून पाहतो. थापर यांच्या पत्राला असे पुढचे आयुष्य नाही. शब्द लेखकाचे असले, तरी त्यांना ‘अखेरचे’ हे विशेषण वाचकाचे ज्ञान बहाल करते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे इतरांनी मृतांच्या तोंडी घातलेले शब्द. थर्मोपिलीच्या वीरांसाठी रचलेल्या प्राचीन ग्रीक लेखाच्या धर्तीवरील उद्गार कोहिमाच्या युद्धस्मारकावर कोरलेले आहेत. तेथे मृत बोलतात, पण रचना जिवंतांची असते. स्मारकावर हा संकेत उघड असल्याने फसवणूक होत नाही.

अडचण निर्माण होते ती शब्दच मागे नसताना. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. स्फोटात आलेला मृत्यू निरोपाला अवसर देत नाही. अशा वेळी दूरध्वनीवरील साधी विचारपूस, सुटीचा बेत, ख्यालीखुशाली यांना नंतर ‘अखेरच्या शब्दां’चा साज चढविला जातो. देऊळघाटपासून मलकापूरपर्यंतच्या घरांत रोज होणारे हे बोलणे निरोपाचे नव्हतेच. ते पुन्हा भेटण्याच्या खात्रीतून आलेले होते. त्याला हौतात्म्याची भाषा देणे म्हणजे त्यातील हीच खात्री पुसून टाकणे होय. थापर यांच्या पत्रातील ५० रुपये जसे अलंकाराविना वाचावयाचे, तसेच हे साधे बोलणेही साधेच राहू देणे, ही वाचकाची जबाबदारी ठरते.