जगपाल सिंग निकाल बीडच्या गायरानावर बसून वाचताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी बीड जिल्ह्यातल्या काही गावांचे जमीनवापराचे नकाशे करत होते. उपग्रहाच्या प्रतिमेत खरिपात हिरवेगार दिसणारे काही तुकडे महसुली दप्तरात मात्र 'गायरान' होते. एम.एस्सी.च्या सवयीने मी ती 'वर्गीकरणातली त्रुटी' म्हणून नोंदवून टाकली. गावात गेल्यावर कळलं, त्रुटी वगैरे काही नव्हती. तिथे कितीतरी वर्षं बाजरी आणि तूर पिकत होती.

तुम्ही जमीनहक्कावर संशोधन करायचं म्हणत असाल, तर जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल तुम्हाला टाळता येणार नाही. आज त्याचीच चिकित्सा करू.

प्रकरण होतं पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याचं. तळ्याच्या जागेत घरं बांधली गेली होती. न्यायालयाने ती हटवायला सांगितली आणि सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याची योजना आखायला लावली. निकाल छोटा आहे, भाषा सरळ आहे. पैसा आणि राजकीय ओळखी वापरून गावाची जमीन कशी गिळली जाते, हे त्यात स्पष्ट मांडलंय. हे त्याचं बळ आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं.

माझा आक्षेप शेवटच्या भागावर आहे. कब्जा कितीही जुना असला तरी तेवढ्यावर तो नियमित करू नये, असं निकाल म्हणतो. अपवाद ठेवलाय, पण कोणाला? शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी सोडल्या, तर भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी अधिसूचनेनुसार पट्टा दिलेला असेल तिथे. म्हणजे आधी कागद, मग हक्क.

आता बीडकडे या. मराठवाड्यात गायरान कसण्यामागे चळवळ आहे. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, नंतर बीडमध्ये एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने चालवलेला लढा. महार, मांग, पारधी अशा कुटुंबांनी आधी जमीन कसली, कागद नंतर मागितला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने हाच क्रम मान्य केला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन, मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पुरावा काय? तलाठ्याकडची गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही, दंडाची पावती. गंमत बघा, ज्या कागदाने तुम्ही गुन्हेगार ठरता, तोच तुमच्या हक्काचा पुरावा.

जगपाल सिंग निकालाने नेमका हाच धागा तोडला. ज्यांचा पट्टा दप्तरात अडकला, ते धनदांडग्यांच्याच रांगेत आले. १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राने त्यानुसार शासन निर्णय काढला. सार्वजनिक प्रयोजन वगळता गायरान कोणाला द्यायचं नाही, अतिक्रमणं काढायची.

यात प्रादेशिक विकास कुठे आला? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० बघा. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने. समजा, सातबारावर नाव असलेला एक शेतकरी आणि शेजारी १-ई वर नाव असलेली एक विधवा बाई. ऊन दोघांच्या रानावर सारखंच. भाडं एकालाच, आणि बाईच्या वाट्याला बहुधा नोटीस. मग उचल घेऊन ऊसतोडीला जायचं. विकासाच्या करारात ती पक्षकारच नाही.

परदेशी साहित्य वाचाल तेव्हा ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी भूवापर करार सापडतील. तिथे १९९२ च्या माबो निकालाने जमिनीशी असलेलं जुनं नातं हाच हक्काचा आधार मानला, म्हणून पुढे वाटाघाटीला दुसरी बाजू उभी राहिली. ती चौकट बीडवर जशीच्या तशी बसत नाही. गायरान कसणारे बहुतेक जण अनुसूचित जमातीचे नाहीत, आणि गायरान ही वनजमीन नसल्याने २००६ चा वनहक्क कायदाही इथे लागत नाही. पण तिथून एक प्रश्न उसना घ्यावा: करार करण्याआधी, समोरचा माणूस 'पक्षकार' कशाने ठरतो?

एक बाजू मला अजून सुटलेली नाही. गायरान नांगरलं की शेळ्या-मेंढ्यांचं चराऊ रान जातं, आणि मेंढपाळही गरीबच. निकालाची सामाईक जमिनीची काळजी म्हणून पोकळ नाही. पण ती चराईसाठी राखलेली जमीन शेवटी सौर पॅनेलखाली जात असेल, तर राखली कोणासाठी?

तुमच्यासाठी कामाची गोष्ट एवढीच: निकाल वाचताना आदेशाआधी अपवाद वाचा. आणि नकाशात 'त्रुटी' दिसली की ती दुरुस्त करण्याआधी त्या शेतात जाऊन या. मी माझ्या तक्त्यातला तो रकाना खोडलाय. आता तिथे लिहिलंय : 'कसलेली, नोंद नाही.'