चॅलेंजरचा आलेख: धडा पक्का, इतिहास कच्चा

संशोधन पद्धतीच्या तासाला चॅलेंजरचं उदाहरण कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. थंडीने ताठरलेली रबरी ओ-रिंग बूस्टरचा सांधा वेळेत बंद करू शकली नाही आणि तप्त वायू बाहेर पडला.

या उदाहरणासोबत बऱ्याचदा एडवर्ड टफ्टी यांचा आलेख दाखवतात. तो त्यांच्या १९९७ च्या ‘व्हिज्युअल एक्स्प्लनेशन्स’ या पुस्तकात आहे. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर ओ-रिंगचं नुकसान. टफ्टींचं म्हणणं असं, की अभियंत्यांनी आदल्या रात्री माहिती अशी मांडली असती, तर उड्डाण करायला कुणी धजावलं नसतं.

यातला अर्धा भाग एकदम पक्का आहे. नुकसान झालेली फक्त ७ उड्डाणं पाहिलीत तर कल दिसत नाही, कारण १२ अंश सेल्सिअसलाही नुकसान आहे आणि २४ अंशांनाही. आता उरलेली १७ उड्डाणं त्यात घाला. चौकशी आयोगाच्या अहवालानुसार साधारण १९ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्येच खुणा सापडल्या. १७ अंश किंवा कमी असताना मात्र चारही उड्डाणांत. ‘काही झालं नाही’ हासुद्धा डेटा असतो, हे यातून शिकाच.

पण म्हणून दोष अभियंत्यांच्या मांडणीचा, हा निष्कर्ष पटत नाही. उड्डाणाला विरोध करणाऱ्या मॉर्टन थायोकॉलच्या अभियंत्यांपैकी रॉजर बोजोले यांनी सहलेखकांसोबत २००२ मध्ये टफ्टींना उत्तर दिलं. सगळ्या उड्डाणांची ओ-रिंगची तापमानं त्या रात्री अभियंत्यांच्या हातात नव्हतीच, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा त्याहून गंभीर: टफ्टींच्या एकाच अक्षावर जुन्या उड्डाणांचं ओ-रिंगचं तापमान आहे आणि चॅलेंजरसाठी हवेचं. तुमच्या गाईडने असा आलेख पाहिला तर काय म्हणतील, विचार करा.

शिवाय अभियंत्यांचा युक्तिवाद नुसत्या आलेखावर उभा नव्हता. दाबलेली ओ-रिंग पुन्हा फुगून फट बुजवायला किती वेळ घेते, हे त्यांनी प्रयोगशाळेत मोजलं होतं. २४ अंशांना २.४ सेकंद, १० अंशांना १० मिनिटांनंतरही नाही. म्हणून १२ अंशांखाली उडवू नका, असं त्यांनी सांगितलं. त्यावर ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असं विचारायला हवं होतं. प्रत्यक्षात ‘धोका आहे हे सिद्ध करा’ अशी उलटी अपेक्षा झाली. शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने शिफारस फिरवली. हा भाग कुठल्याच आलेखात मावत नाही.

पुढे उड्डाणं १९८८ पर्यंत बंद राहिली, सांध्याची रचना बदलली. तरीही २००३ मध्ये कोलंबिया गेलं, कल्पना चावला आणि सहा सहकाऱ्यांसह. तिथेही यानाला फोम आदळल्यावर अभियंत्यांनी मागितलेली छायाचित्रं घेतलीच गेली नाहीत.

तेव्हा टफ्टींचा आलेख जरूर अभ्यासा, पण अक्षांवर काय लिहिलंय ते तपासून. आणि तुमच्या साहित्य आढाव्यात ‘आधीच्या संशोधकांच्या हे लक्षात आलं नाही’ असं लिहिण्याआधी बघा, की तुमच्यापुढे आज असलेला डेटा तेव्हा त्यांच्याकडे होता का.