‘घडलं’ म्हणण्याआधी

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलंय? मग एक क्रियापद आधी तपासा: घडणे.

जळगावच्या सराफ बाजारात ते अजून कामावर आहे. सोनार दागिना घडवतो, त्याची घडणावळ लावतो. ठोकून केला तो घडीव, साच्यातून काढला तो ओतीव. जुना दागिना ‘मोड’ म्हणून द्यायचा आणि नवा घडवून घ्यायचा. बातम्यांमधल्या ‘घडामोडी’त हेच घडणं-मोडणं शेजारी बसलंय, आपल्याला ते ऐकू येत नाही इतकंच. पुढे शब्द शाळेत गेला. समारंभाच्या भाषणात विद्यार्थी ‘घडवतात’. वर्गात बरेचदा ओततात!

मग कर्ताच सुटला. दर्शन घडलं, पुण्य घडलं, उपास घडला. ‘उपास केला’ यात निश्चय आहे. ‘उपास घडला’ यात कदाचित डबाच घरी राहिला होता.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने 1937 मध्ये वि. का. राजवाड्यांचा ‘मराठी धातुकोश’ छापला. राजवाडे 1926 मध्येच गेले होते, संपादन कृ. पां. कुलकर्णींचं. एका माणसाने एवढे धातू गोळा करावेत, हे थक्क करणारं आहे. पण त्याचा सगळा ओढा संस्कृत मुळाकडे. ‘घड’च्या मागे ‘घट्’ आहे हे कळलं, तरी सोनाराच्या हातातलं क्रियापद उपासापर्यंत कसं पोचलं आणि वाटेत करणारा कुठे गळला, हे मुळावरून कळत नाही. ते वापरातच शोधावं लागतं.

आणि संशोधकाला नेमकं तेच लागतं. ‘अभिक्रिया घडते’ हे बरोबर. रेणू कोणाला विचारत नाहीत. ‘अभिक्रिया घडवून आणली’ म्हटलं की तापमान, वेळ, उत्प्रेरक ठरवणारा कोणीतरी आला. गोंधळ होतो तो आपली चूक पहिल्या साच्यात बसवली की. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं, ‘तापमान नियंत्रणात त्रुटी घडून आली.’ मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: ‘कोणाकडून?’

दोन दिवस राग आला. मग वाक्य बदललं: ‘दुसऱ्या तासानंतर मी तापमान तपासले नाही, म्हणून पुढची तीन मापने वगळली आहेत.’