भोपाळचं ते मूल आणि माझी पहिली स्लाइड

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मला एक प्रेझेंटेशन द्यायचं होतं. आमच्या टीमला अलर्ट वाजला की तो तपासायच्या ऐवजी म्यूट करायची सवय लागली होती, त्याबद्दल बोलायचं होतं. विषय रटाळ, त्यात वेळ जेवणानंतरची. लोकांनी लॅपटॉपमधून डोकं वर काढावं म्हणून मी पहिल्याच स्लाइडवर एक फोटो टाकला. मातीत पुरलं जाणारं लहान मूल, फक्त चेहरा बाहेर. डोळे उघडे, पण निर्जीव, पांढुरके. आणि त्या चेहऱ्याला स्पर्श करणारा कुणाचा तरी हात.

खोली एकदम शांत झाली. दहा सेकंदांनी मी पुढची स्लाइड लावली: भोपाळ, २ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या बंद पडलेल्या सुरक्षायंत्रणांची यादी. प्रेझेंटेशन हिट झालं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक सहकारी म्हणाला, "वो फोटो हटा दे यार." तो भोपाळचा आहे हे मला माहीत होतं, पण स्लाइड करताना आठवलंच नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं. दर डिसेंबरला तोच फोटो सगळीकडे येतो. त्याची मावशी मात्र आजही औषधांसाठी हॉस्पिटलच्या रांगेत उभी असते, ती कुणाला दिसत नाही. तो चिडलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. तेव्हापासून मी या फोटोचा विचार करतेय.

खरं तर हा एक फोटो नाही, दोन आहेत. रघु राय तेव्हा 'इंडिया टुडे'मध्ये होते. त्यांनी तो दफनविधी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपला. त्याच मुलाचा रंगीत फोटो पाब्लो बार्थोलोम्यू यांनी काढला. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. १९८४ चा 'वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर' हा सन्मान या रंगीत फोटोला मिळाला. माझ्या स्लाइडवर राय यांचा होता.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. राय यांच्या फोटोत माती आणि त्वचा एकाच राखाडी रंगात मिसळतात. मूल जणू दगडात कोरलेलं वाटतं, आणि बघता बघता ते एक मूल न राहता सगळ्या मुलांचं प्रतीक होतं. रंगीत फोटोत ही सोय नाही. तिथे माती मातीच्याच रंगाची आहे, तुमच्या-माझ्या अंगणात असते तशी. ही सकाळ चाळीस वर्षांपूर्वीची न वाटता कालची वाटते. मला विचाराल तर राय यांचा फोटो जास्त थोर आहे आणि बार्थोलोम्यू यांचा जास्त असह्य.

दोघांनीही एक गोष्ट सारखीच केली: जवळ गेले. फ्रेममध्ये कारखाना नाही, गर्दी नाही, प्रेतांची रांग नाही. हजारो माणसं गेली, पण आपल्याला एकच चेहरा दिसतो. हजाराचा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. या चेहऱ्यापाशी थांबावं लागतं. राय यांच्या फोटोतला हात तर मला सगळ्यात जास्त छळतो. तो कुणाचा आहे ते दिसत नाही. या हाताने आता माती ओढायची आहे, पण तो चेहऱ्यावर रेंगाळतोय. तो हात नसता तर हा फोटो पंचनाम्यातला पुरावा वाटला असता.

मग माझं चुकलं काय?

मी हा फोटो पहिल्यांदा पाहिला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सेफ्टीच्या एका लेक्चरमध्ये. सरांनी फोटो दाखवला आणि लगेच टाकी क्रमांक ६१० चा आराखडा लावला. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट. त्यात पाणी शिरलं. टाकीतलं रसायन थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबरही कामाला आला नाही. मला हा भाग परीक्षेसाठी पाठ होता, आणि फोटो मनात वेगळ्या कप्प्यात होता. दोन्ही कधी एकत्र आलेच नाहीत. माझ्या प्रेझेंटेशनमध्येही मी तेच केलं: आधी धक्का, मग यादी.

हे फक्त माझं अपयश नाही, फोटोचीही ती मर्यादा आहे असं मला आता वाटतं. डोळे सोडले तर हेच मूल भूकंपात गेलं असतं तरी फोटो जवळपास असाच आला असता. खर्च वाचवण्याचे निर्णय, मिटिंगा, सह्या यांतलं काहीही फ्रेममध्ये मावत नाही. त्यामुळे गुन्हा नशिबासारखा दिसायला लागतो. आपण हळहळतो, पण कुणाला जाब विचारायचा हे फोटो सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळं फोटोनेच करायचं का? बरोबर आहे. त्याने त्याचं काम केलं, तो जगभर पोचला. पुढचं काम बाकीच्यांचं होतं. ते कसं झालं? १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. म्हणजे जगाचं काळीज हलवणारा फोटोही आपल्या हातात असताना एवढंच झालं. मन हलणं आणि व्यवस्था हलणं यांत किती अंतर असतं, ते या तारखा सांगतात.

आणखी एक अडचण आहे. पुरस्कार मिळवणाऱ्या फोटोला एक क्षण लागतो. भोपाळची दुर्घटना मात्र त्या रात्रीनंतर संपली नाही. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांमधलं दूषित भूजल, वर्षानुवर्षांचा दम, रांगा, फायली यांना असा एक क्षण नसतो. राय यांना हे कळलं असावं. २००२ च्या सुमाराला ते ग्रीनपीससोबत पुन्हा भोपाळला गेले आणि वाचलेल्या माणसांचे फोटो काढले. ते बघण्यासारखे आहेत. पण 'भोपाळ' म्हटल्यावर डोळ्यांसमोर ते येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला नेला. चाळीस वर्षांनी! रात्रीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या त्या ट्रकांचे फोटो पेपरात आले होते. मी अंगठ्याने स्क्रोल केले.

त्या मुलाचं नाव आजही कुणाला माहीत नाही. मुलगा की मुलगी याबद्दलही खात्रीने काही सांगता येत नाही. आई-वडील म्हणून कुणी पुढे आलं नाही, कदाचित पुढे यायला कुणी उरलंच नसेल. नाव नाही म्हणूनच ते मूल कुणाच्याही कामाला येतं: मोर्च्याच्या, पाठ्यपुस्तकाच्या, आणि माझ्यासारखीच्या दुपारच्या प्रेझेंटेशनच्या. मोर्च्यातल्या बाईचा त्या फोटोवर हक्क आहे. माझा नव्हता, कारण मला त्यातून फक्त शांत खोली हवी होती.

मी स्लाइड काढून टाकली. पुढच्या वेळी यादीनेच सुरुवात केली, तर अर्धे लोक लॅपटॉपमध्येच होते. हरकत नाही. हा लेख लिहायला दोन्ही फोटो पुन्हा उघडले आणि बराच वेळ बघितले. तुम्हीही शोधून बघा. पण तिथेच थांबू नका, राय यांचे नंतरचे फोटोही बघा. त्यातली माणसं वाचलेली आहेत, आणि त्यांच्यासाठी करण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे.